‘असंच कर’ म्हणणाऱ्यांपासून सावध

‘मी कॉपी करायला सांगितलं होतं का?’ विभागाच्या दारात, चार मुलांसमोर सरांनी मला हे ऐकवलं. त्याच सरांनी आठ महिने आधी एका जुन्या विद्यार्थ्याची निळी स्पायरल फाईल माझ्या हातात ठेवून म्हटलं होतं, ‘हे बघ, असंच कर.’ एम.ए. इंग्रजीच्या रिसर्च प्रोजेक्टसाठी मला मिळालेलं मार्गदर्शन एवढंच.

नव्या शैक्षणिक धोरणात ८८ क्रेडिटपैकी १० या प्रोजेक्टचे आहेत, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६. माझा विषय शशी देशपांडे यांची ‘दॅट लाँग सायलेन्स’. कादंबरी तीनदा वाचली, रेणापूर-लातूर एसटीत उभ्यानं टिपणं काढली. नायिका जयाच्या गप्प राहण्यावरची दोन्ही प्रकरणं माझी आहेत, हे आजही छातीठोकपणे सांगते. पहिलं प्रकरण, म्हणजे लेखिकेचा परिचय आणि आढावा, तेवढं फाईलवरून शब्द इकडचे तिकडे करून लिहिलं. सरांना दाखवायला गेलं की ‘ठेव तिथं’. टेबलावरचा गठ्ठा वाढत गेला, वाचलं काहीच नाही.

जमा करायला नऊ दिवस उरले तेव्हा ग्रंथालयात साम्य तपासणीचा अहवाल उघडला. २७ टक्के. पहिलं प्रकरण जवळजवळ सगळं रंगलेलं. त्यात एक ओळ होती, कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार १९८८ मध्ये मिळाला. १९८८ हे प्रकाशनाचं साल. पुरस्कार १९९० चा. फाईलमधली चूक जशीच्या तशी माझ्या नावावर आली होती. पोटात खड्डाच पडला. नऊ रात्री जागून ते प्रकरण नव्यानं लिहिलं.

यूजीसीचा २०१८ चा नियम आधीच वाचा. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ४० च्या वर वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत, म्हणून अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक पहिल्या दिवसापासून वहीतच टाका. संदर्भ देण्याच्या एमएलए पद्धतीची चालू आवृत्ती बघा. माझ्या सूचीत प्रत्येक पुस्तकापुढे ‘प्रिंट’ लिहिलेलं होतं. ती पद्धत २०१६ च्या आठव्या आवृत्तीतच गेली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्यावरच बोट ठेवलं, तेव्हा सर खिडकीबाहेर बघत बसले होते.

आणि प्रत्येक प्रकरण दिलं की तारखेसह सही घ्या, नाहीतर ईमेलनं पाठवा. मी घेतली नाही, म्हणून सगळा दोष माझ्याच पदरात पडला. कामाला लवकर लागा, हेही आहेच.

परवा सरांचा निरोप आला, ती निळी फाईल परत आणून दे, यंदाच्या मुलांना दाखवायची आहे. मी अजून दिलेली नाही.