दुष्काळात धरलेले धृपद

अंबरनाथ पूर्वेच्या आपल्या माळकरी मंडळींत एक प्रश्न वरचेवर निघतो. "माळ घातली, एकादशी धरली, तरी संकट यायचं ते आलंच, मग नामाचा उपयोग काय हो?" २६ जुलै २००५ रोजी वालधुनीला पूर आला तेव्हा हा प्रश्न होता. २०२० साली पायी वारी राहिली, संतांच्या पादुका एस.टी.तून पंढरीस गेल्या, तेव्हाही होताच. प्रश्न खरा आहे. "तुमची श्रद्धा कमी पडली" असे म्हणून विचारणाऱ्यास गप्प बसविणे आम्हांस बरे वाटत नाही.

उत्तर देहूस शोधावे. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तुकोबारायांचे घर वाणसवद्याचे. पैसा आटला, मान गेला, एक पत्नी अन्नावाचून गेली. हे महाराज स्वतःच अभंगांत सांगतात, काही झाकून ठेवीत नाहीत. काहीजण म्हणतात, तुकोबांना वैराग्य यावे म्हणून देवाने तो दुष्काळ धाडला. आम्हांस हे पटत नाही. मग त्याच दुष्काळात उपाशी मेलेल्या बाकीच्या माणसांचे काय? आपण स्तुती करावयाची ती विठ्ठलाची, दुष्काळाची कशाला?

पुढे महाराजांनी काय केले ते पाहा. देवाचे देऊळ भंगले होते, ते नीट केले. एकादशीस कीर्तन धरले. आणि तेच सांगतात की, आरंभी चित्त अभ्यासात नव्हते! केवढा धीर आहे या एका कबुलीत. मन स्थिर झाले, मग नाम आले, असा क्रमच नाही. संतांची काही वचने पाठ केली. पुढे कोणी गाई, महाराज मागून धृपद धरीत. परंपरा असेही सांगते की, कर्जखतांतली आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडली, भावाची भावाला दिली. आपले वैराग्य दुसऱ्याच्या पोटावर लादले नाही, हे आपण फार वेळा विसरतो.

नवसात "आधी दे, मग गाईन" असते. वारी हा नेम आहे.

तेव्हा ज्याच्या घरी आजारपण आहे, पगार थकला आहे, तोंडातून शब्द फुटत नाही, अशा बंधूने भजनास यावे. पुढे उभे राहून गाण्याची सक्ती नाही. मागे बसावे, टाळ घ्यावा, जमेल तेवढे धृपद उचलावे. आणि पुढे गाणाऱ्यांनी भजन आटोपल्यावर त्याच्या डब्यात पीठ आहे की नाही एवढे पाहून मग आपल्या घरी जावे.