तक्रारींची प्रतवारी : मुक्तस्रोत प्रकल्पातील संघकार्य



हिवरखेडच्या शेतकऱ्याला कापसाची प्रतवारी शिकवावी लागत नाही. ओल, कवडी, धागा पाहायचा, मग भाव. संगणकक्षेत्रातही अशीच प्रतवारी चालते. ती मालाची नव्हे, तक्रारींची.

ज्या संगणक-प्रणालीचा मूळ कोड सर्वांना वाचता, बदलता व वाटता येतो, तिला मुक्तस्रोत म्हणतात. लिनक्स व फायरफॉक्स या अशा प्रणाली होत. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुले केलेले भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ फॉन्ट याच परंपरेतले. अशा प्रकल्पात दोष कोणीही नोंदवू शकतो. त्यामुळे तक्रारी हजारोंनी साचतात आणि दुरुस्त करणारे हात मोजकेच असतात. म्हणून आधी निवड करावी लागते. तिला ‘ट्रायाज’ म्हणतात.

हा फ्रेंच शब्द रणांगणावरील उपचारात रूढ झाला. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे (१७६६-१८४२) यांनी हुद्दा न पाहता जखम पाहून उपचाराचा क्रम ठरविला. समतेचे हेच तत्त्व येथे लागू आहे. तक्रार कोणी केली हे गौण. इजा किती, हे मुख्य.

कामाचा क्रम

१. नोंद : एका नोंदीत एकच दोष असावा. ‘मराठी नीट दिसत नाही’ ही नोंद निरुपयोगी. ‘दुसऱ्या हा शब्द लिहिला असता ऱ्य तुटतो’ असे लिहून प्रणालीची व फॉन्टची आवृत्ती दिली, तर ती उपयोगी.

२. पडताळणी : ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, दोष स्वतः घडवून पाहावा. कालामांना तथागतांनी हेच शिकविले.

३. दुबार नोंदी : एकाच दोषाच्या अनेक नोंदी मूळ नोंदीला जोडाव्यात.

४. गंभीरता : डेबियन प्रकल्पात सात पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर प्रणाली कोलमडविणारे वा माहिती नष्ट करणारे दोष, तळाशी नुसती इच्छा.

५. निर्णय : माहिती अपुरी असल्यास सौम्य शब्दांत मागावी. नोंद बंद करताना कारण लिहावे.

नियमाचे बळ

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, भिक्खू संघांना ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम ठाऊक होते. संघ केवळ सदिच्छेवर टिकत नाही, नियमांवर टिकतो. म्हणून प्रतवारी करणाऱ्या गटानेही कसोट्या लिहून ठेवाव्यात आणि काम आठवड्याच्या पाळीने वाटावे. एकाच माणसावर भार पडला की तो थकतो आणि ढीग पुन्हा वाढतो.

या कामाला प्रोग्रॅमिंगचे मोठे ज्ञान लागत नाही. चिकाटी आणि स्वच्छ लेखन लागते. परंतु मराठी अक्षर तुटले, हे मराठी न वाचणाऱ्या अभियंत्याला दिसणार नाही. ते आपणच दाखविले पाहिजे. अन्यथा आपल्या भाषेची तक्रार ढिगाच्या तळाशीच राहील. दोन-चार विद्यार्थ्यांनी मिळून आठवड्यातून एक तास दिला तरी सुरुवात होईल.

नमो बुद्धाय ! जय भीम !