रुथेनियम-ॲल्युमिनियम संयुग : गुणधर्म व उपयोग

ॲल्युमिनियम घरोघरी परिचित आहे; ते ६६० अंश सेल्सिअसला वितळते. रुथेनियम हा प्लॅटिनम गटातील दुर्मिळ धातू. तो १८४४ साली कझान येथे कार्ल क्लाउस यांनी शोधला. या दोहोंचे अणू समसमान संख्येने संयोग पावले म्हणजे होणारे संयुग वितळण्यास सुमारे २,०५० अंश तापमान लागते.

सर्वसाधारण मिश्रधातूत निरनिराळ्या धातूंचे अणू विखुरलेले असतात. आंतरधातवीय संयुगात मात्र प्रत्येकाची जागा ठरलेली असते. येथे घनाच्या आठही कोपऱ्यांवर एका धातूचे अणू व मध्यभागी दुसऱ्याचा अणू असतो. त्यांचे परस्परांतील बंध बळकट असल्याने हे संयुग प्रखर उष्णतेतही टिकते.

अशा संयुगांचा मोठा दोष म्हणजे ठिसूळपणा. निकेल-ॲल्युमिनियम संयुगाची रचना हीच आहे. तथापि ते नेहमीच्या तापमानास सहज तडकते. रुथेनियमच्या संयुगात अणूंचे थर अधिक दिशांनी सरकू शकतात. त्यामुळे दाबाखाली ते न फुटता आकार बदलते. अमेरिकेत रॉबर्ट फ्लायशर व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने या गुणाकडे लक्ष वेधले गेले.

हवेत तापविल्यास त्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा संरक्षक थर बसतो. संयुगाचे व या थराचे उष्णतेने होणारे प्रसरण जवळपास सारखे असल्यामुळे थर सहसा सुटत नाही. परंतु थर तयार होताना त्याखालील ॲल्युमिनियम खर्ची पडते व तेथे रुथेनियम उरते. अतिउच्च तापमानात ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोचल्यास रुथेनियमचे ऑक्साइड वायुरूपाने उडून जाते आणि पदार्थ झिजतो.

दुसरी अडचण किमतीची. १०० ग्रॅम संयुगात सुमारे ७९ ग्रॅम रुथेनियम असते. हा धातू मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतील प्लॅटिनमच्या खाणींतून उपउत्पादन म्हणून मिळतो. म्हणून केवळ मागणी वाढली तरी त्याचे उत्पादन त्या प्रमाणात वाढविता येत नाही.

या कारणास्तव संपूर्ण यंत्रभाग या संयुगाचा घडविण्यापेक्षा त्याचा पातळ लेप देणे अधिक व्यवहार्य ठरते. विमानांच्या टरबाइनमधील पात्यांवरील लेप आणि तप्त ठिकाणी वापरावयाच्या संवेदकांतील सूक्ष्म विद्युतवाहक पट्ट्या या दोन दिशांनी संशोधन झाले आहे.

शिक्षकांनी वर्गात घनाची आकृती काढून हे उदाहरण अवश्य द्यावे. पदार्थाचे गुण केवळ घटकांवर नव्हे, तर घटकांच्या मांडणीवरही अवलंबून असतात, हे त्यावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल.