विवाह-समतेचा मोर्चा आणि बौद्ध विहार : एक अभ्यास



यंदाच्या स्मरणिकेसाठी बौद्ध विवाहावर अभ्यासलेख लिहावा, असे संपादक मंडळाने मला सांगितले. मंगलपरिणयाचा विधी, हुंडाबंदी, साधेपणा यांवर आपल्या स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. म्हणून मी एक वेगळा प्रश्न घेतला आहे. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना एकमेकांशी कायदेशीर विवाह करता यावा, या मागणीच्या बाजूने जगातील काही बौद्ध विहार उभे राहिले. ते का उभे राहिले आणि त्यातून आपण काय शिकावे, हा या लेखाचा विषय आहे. विषय वाचून काहींच्या कपाळावर आठ्या पडतील. माझ्याही पडल्या होत्या. परंतु ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर वा केवळ ग्रंथप्रामाण्यावर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. त्याच वृत्तीने हा लेख वाचावा, ही विनंती.

१. प्रश्न माझ्यापुढे कसा आला

मी बँकेत कारकून आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत दोन वयस्क स्त्रिया नेहमी बरोबर येत. एकाच घरात त्यांचा अनेक वर्षांचा संसार होता. मुदत ठेवीच्या नॉमिनेशन फॉर्मवर एकीने नात्याच्या रकान्यात ‘मैत्रीण’ असे लिहिले. फॉर्म घेताना मी शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहून हसलो. त्या बाईंनी ते पाहिले. आजही ते हसू आठवले की मान खाली जाते.

पुढे त्या वारल्या. ठेवीची रक्कम नियमाप्रमाणे दुसऱ्या बाईंना मिळाली. थोड्याच दिवसांत मृत बाईंच्या भावाने वकिलाची नोटीस धाडली. विद्यार्थी मित्रांनी येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. नॉमिनी बँकेकडून पैसा स्वीकारतो, तो विश्वस्त म्हणून. मालकी कायदेशीर वारसांची असते. मृत्युपत्र केलेले नव्हते, आईवडील हयात नव्हते, म्हणून वारस ठरला भाऊ. वीस वर्षे ज्याने बहिणीची चौकशी केली नव्हती तो वारस, आणि शेवटच्या दुखण्यात जिने उशाशी बसून रात्री काढल्या ती कोणीच नाही! त्या बाईंनी निमूटपणे रक्कम देऊन टाकली. शेवटच्या भेटीत त्यांनी मला विचारले, “भाऊ, त्या रकान्यात मी दुसरं काय लिहायला हवं होतं?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

२. कॅलिफोर्नियातील जपानी बौद्ध

अमेरिकेतील जपानी वंशाच्या बौद्धांची सर्वात जुनी मोठी संस्था ‘बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका’ ही होय. ती जोदो शिन्शू पंथाची आहे. पंथाचे संस्थापक शिनरान (११७३–१२६३) यांनी भिक्षू असून उघडपणे विवाह केला व संसार करणाऱ्या सामान्य माणसालाही मुक्तीचा मार्ग खुला आहे, असे सांगितले. १८९९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे या पंथाचे कार्य सुरू झाले.

या समाजाने काय भोगले हे ध्यानात घेतले पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गोऱ्या व्यक्तीने आशियाई व्यक्तीशी विवाह करण्यास मनाई होती. ही मनाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली रद्द केली आणि संपूर्ण अमेरिकेतून असे कायदे १९६७ साली गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरादारासह उठवून छावण्यांत डांबले गेले. त्यांतील बहुसंख्य लोक अमेरिकेचे नागरिक होते. संस्थेने आपले आजचे नाव धारण केले तेही १९४४ साली, युटा राज्यातील टोपाझच्या छावणीत.

‘तुमचे लग्न आम्हांला मान्य नाही’ हे वाक्य ज्यांनी कायद्याच्या पुस्तकातून ऐकले होते, त्यांच्या विहारात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस दोन पुरुष विवाहासाठी आले. सॅन फ्रान्सिस्को येथील धर्मोपदेशक कोशिन ओगुई यांनी त्यांचा विवाह इतर कोणाचाही लावावा तसाच लावला. ठराव नाही, गाजावाजा नाही. हे चळवळीचे यश येण्याच्या कितीतरी आधीचे आहे. पुढे २००४ साली संस्थेच्या धर्मोपदेशकांच्या संघाने अशा विवाहांवरील सरकारी बंदीस विरोध करणारा ठराव केला. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात जनमताने हे विवाह बंद झाले, ते २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले. २०१४ साली या संस्थेचे लोक सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राइड मोर्चात संस्थेच्या नावाने चालले. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क सर्व राज्यांत मान्य केला.

क्रम लक्षात घ्या : आधी विहाराचे दार उघडले, मग ठराव झाला, शेवटी मोर्चा. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते.

३. तैवानची भिक्खुणी

दुसरे उदाहरण तैवानचे. तेथे चि चिया-वेई या कार्यकर्त्याने १९८६ पासून जवळजवळ एकट्याने ही मागणी लावून धरली. बौद्ध समाजातून या मागणीस उघड पाठिंबा देणाऱ्यांत भिक्खुणी शिह चाओ-ह्वेई या प्रमुख होत. भिक्खुणींना भिक्खूंपेक्षा खालचे स्थान देणाऱ्या आठ गुरुधर्मांना त्यांनी २००१ साली जाहीर विरोध केला होता. ११ ऑगस्ट २०१२ रोजी ताओयुआन येथे त्यांनी दोन स्त्रियांचा बौद्ध पद्धतीने विवाह लावला. कायद्याने त्यास मान्यता नव्हती. तरीही धम्माच्या दृष्टीने यात दोष नाही, ही त्यांची भूमिका होती.

त्यानंतर डिसेंबर २०१६ मध्ये राजधानी तैपेईत लाखो लोक रस्त्यावर उतरले. २४ मे २०१७ रोजी घटना न्यायालयाने निर्णय दिला की विवाहाचा हक्क नाकारणे घटनाबाह्य आहे व दोन वर्षांत कायदा करावा. नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात मात्र सुमारे ७२ टक्के मतदारांनी विरोधी कौल दिला. अनेक धार्मिक संघटना विरोधात होत्या. अखेर १७ मे २०१९ रोजी भर पावसात संसदेबाहेर लोक उभे असताना ६६ विरुद्ध २७ मतांनी स्वतंत्र कायदा संमत झाला. आशियातील हा असा पहिला कायदा. पुढे बौद्धबहुल थायलंडमध्येही तो २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

४. धम्म काय सांगतो?

येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. भगवान बुद्धांनी अशा विवाहास संमती दिली, असे एकही सुत्त दाखवता येणार नाही. विनयात ‘पंडक’ म्हटलेल्यांना प्रव्रज्या देण्यास मनाई आहे, हेही लपवू नये. परंतु तो संघप्रवेशाचा नियम आहे, उपासकांच्या विवाहाचा नव्हे. जगातील सर्व बौद्धही या प्रश्नावर एकमताचे नाहीत.

मग आधार कशाचा? पहिला आधार पंचशीलाचा. तिसरे शील कामवासनेतील मिथ्याचारापासून दूर राहण्यास सांगते. फसवणूक, जबरदस्ती, दुसऱ्याच्या संसाराचा नाश हा मिथ्याचार होय. परस्परसंमतीने एकनिष्ठ राहणारी दोन प्रौढ माणसे कोणाचे दुःख वाढवतात, हे विरोधकांनी दाखवून द्यावे. दुसरा आधार सिगालोवाद सुत्ताचा. त्यात पती-पत्नींची परस्परांप्रत पाच-पाच कर्तव्ये सांगितली आहेत. सुत्त आपल्या काळाच्या भाषेत पती-पत्नींविषयीच बोलते. पण मान राखणे, अवहेलना न करणे, एकनिष्ठ राहणे ही कर्तव्ये कोणत्याही सहजीवनाला लागू पडतात. तिसरा आधार असा की बौद्ध विवाह हा जन्मजन्मांतरीचा संस्कार नसून दोन व्यक्तींनी समाजासमोर केलेला करार आहे.

आपला स्वतःचा इतिहासही बोलतो. १८७३ साली सत्यशोधक पद्धतीने पुरोहिताविना विवाह झाले, तेव्हा ‘हे लग्नच नव्हे’ असे म्हणणारे थोडे नव्हते. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ (१९३६) मध्ये आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय मानला. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील अश्लीलतेच्या खटल्यात र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. लैंगिक प्रश्नांची मोकळी चर्चा हा गुन्हा नव्हे, असे मानणारा माणूस त्या काळी विरळा होता.

५. भारतातील स्थिती

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले. त्या निकालात ‘घटनात्मक नीती’ या तत्त्वाचा आधार घेतला आहे. हेच तत्त्व बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मांडले होते. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगून हा प्रश्न संसदेकडे सोपवला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले की अशा जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास व एकमेकांना नॉमिनी नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही. सोय झाली, वारसा मात्र नाही.

६. आपण काय करावे?

मुंबईत २००८ पासून क्विअर आझादी मोर्चा निघतो. ज्या सभासदांना जावेसे वाटेल त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(अ) आधी अभ्यास करावा. विरोधकाचे म्हणणेही वाचावे.
(आ) पुढारीपण करू नये. दुःख ज्यांचे, बोलणे त्यांचे. आपण शेजारी चालावे.
(इ) कोणाचे नाव वा छायाचित्र त्याच्या संमतीविना प्रसिद्ध करू नये. एका छायाचित्राने एखाद्याची नोकरी व घर दोन्ही जाऊ शकते.
(ई) आपल्या विहारात अशी व्यक्ती आली तर तिला प्रश्न न विचारता बसायला जागा द्यावी. घरचे मूल असेल तर त्याला घराबाहेर काढू नये, बळजबरीने त्याचे लग्न लावू नये.
(उ) कायदा होईपर्यंत अशा जोडप्यांना मृत्युपत्र करण्याचा सल्ला द्यावा. केवळ नॉमिनेशनवर विसंबू देऊ नये. त्या बाईंना हे वेळेवर मी सांगू शकलो असतो. मी हसलो.

अभ्यासमंडळात चर्चेसाठी प्रश्न : (१) जपानी बौद्धांनी स्वतःच्या अपमानाच्या आठवणीतून दुसऱ्याचे दुःख ओळखले. आपली आठवण आपल्याला कोणाचे दुःख ओळखायला शिकवते? (२) बहुमत आणि हक्क यांत तैवानमध्ये कोणाचे पारडे जड ठरले, व ते योग्य होते काय?

आज कोणी त्या बाईंसारखा फॉर्म घेऊन माझ्या काउंटरवर आला, तर मी तो नीट तपासतो, मृत्युपत्राची आठवण करून देतो आणि खुर्ची पुढे करतो. रकान्यात काय लिहावे, याचे उत्तर अजून कायद्याजवळ नाही. ते मिळावे म्हणून जे रस्त्यावर चालत आहेत, त्यांच्या शेजारी निळ्या झेंड्याखालचा माणूस असावा, एवढेच मला म्हणायचे आहे.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!