निद्राश्वासरोध : शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

भीमा नदीवर माढा तालुक्यातील उजनी येथे बांधण्यात आलेले धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या यशवंतसागर जलाशयाने सोलापूर, पुणे आणि आजच्या अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतील काठच्या गावांचे जीवन पालटून टाकले. पूर्वीच्या जिरायत शिवारात ऊस उभा राहिला. उसामागून साखर कारखाने आले, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आल्या आणि रात्रीची कामेही आली. गळीत हंगामात उसाची वाहतूक रात्रभर चालते. पिकाला पाणी देण्यासाठी अनेकदा रात्रपाळीच्या विजेची वाट पाहावी लागते. मच्छीमार पहाटेच होडी पाण्यात लोटतो. पुणे-सोलापूर महामार्गही याच परिसरातून जातो. अशा ठिकाणी भलत्या वेळी डोळा लागणे ही केवळ आळसाची बाब राहत नाही. चालत्या वाहनावर अथवा यंत्रापाशी लागलेली एक डुलकी जिवावर बेतू शकते.

जागरण हे अशा डुलकीचे उघड कारण होय. परंतु रात्री सात-आठ तास झोपूनही जो सकाळी जड डोक्याने उठतो, बसल्या जागी पेंगतो आणि ज्याच्या घोरण्याने घरातील इतरांची झोप मोडते, त्याच्या बाबतीत कारण निराळे असण्याचा संभव असतो. वैद्यकशास्त्रात या विकारास निद्राश्वासरोध म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी ‘स्लीप ॲप्निया’ हे नाव असते. त्यावर शस्त्रक्रिया उपलब्ध आहेत. मात्र त्यांचा गुण किती वर्षे टिकतो, हा प्रश्न शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा आहे.

विकाराचे स्वरूप

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांची श्वासवाट मुळातच अरुंद असते, त्यांच्या बाबतीत मऊ टाळू, पडजीभ आणि जिभेचे मूळ मागे येऊन ही वाट वारंवार मिटते. छाती श्वास घेण्यासाठी धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो. मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा हुंदका येऊन श्वास सुरू होतो आणि मनुष्य पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातील काहीही आठवत नाही. म्हणूनच या विकाराचा पहिला साक्षीदार रुग्ण नसून शेजारी झोपणारी व्यक्ती असते.

असा अडथळा किमान दहा सेकंद टिकला तर तो मोजला जातो. निद्रा-चाचणीत श्वास थांबण्याचे किंवा अपुरा पडण्याचे प्रसंग तासाला किती, यावरून विकाराची तीव्रता ठरते. प्रौढांमध्ये पाच ते पंधरा प्रसंग म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तीस किंवा अधिक म्हणजे तीव्र विकार मानतात. उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी या विकाराचा संबंध असल्याचे आढळून आले आहे.

हा विकार आपल्याकडे विरळा नाही. मुंबईच्या एका रुग्णालयात नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९.५ टक्के आढळले, तर दिवसा झोप येण्याच्या लक्षणासह विकार असलेल्यांचे प्रमाण ७.५ टक्के होते. हे आकडे शहरातील पुरुषांचे आहेत. ते जसेच्या तसे खेड्याला लावता येणार नाहीत. परंतु वाढते वजन, बैठे काम आणि मद्यपान ही कारणे शहराच्या वेशीपाशी थांबलेली नाहीत. २०२२ साली मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले, तेव्हा या विकाराचे नाव वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले. तरीही घोरणे म्हणजे गाढ झोपेचे लक्षण, ही समजूत अद्याप पुरती गेलेली नाही.

शस्त्रक्रियांचा प्रवास

१९६९ साली जर्मनीतील डॉक्टरांनी गळ्यास छिद्र पाडून नळी बसविण्याचा मार्ग या रुग्णांसाठी अवलंबिला. अडथळ्याच्या खालूनच श्वास सुरू होत असल्याने हा उपाय खात्रीचा होता. पण गळ्यात नळी घेऊन आयुष्य कंठणे सोपे नव्हते. जपानमधील इकेमात्सु यांनी १९६४ मध्ये घोरण्यासाठी टाळूची शस्त्रक्रिया वर्णिली होती. तिच्याच धर्तीवर फुजिता व सहकाऱ्यांनी १९८१ साली अमेरिकेत टाळूचा सैल भाग, पडजीभ व टॉन्सिल काढून वाट रुंद करण्याची पद्धत निद्राश्वासरोधासाठी मांडली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावर मुखवटा लावून हवेच्या सौम्य दाबाने श्वासवाट उघडी ठेवणारे यंत्र पुढे आणले. प्रौढांच्या मध्यम व तीव्र विकारात आजही सामान्यतः प्रथम हेच यंत्र सुचविले जाते. ज्यांना ते सोसत नाही, किंवा ज्यांच्या श्वासवाटेत शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगा ठळक अडथळा आहे, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार होतो.

गुण किती, आणि किती काळ?

येथे ‘यश’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शस्त्रक्रियेच्या अभ्यासांत श्वासरोधाचे प्रसंग निम्म्याहून कमी होऊन तासाला वीसच्या खाली आले, तर ते पुष्कळदा यश म्हणून मोजतात. म्हणजे तासाला चाळीस वेळा श्वास अडणारा रुग्ण अठरावर आला तर तो यशस्वी गणला जातो. विकार मात्र मध्यम स्वरूपात शिल्लक असतो.

टाळूच्या शस्त्रक्रियेवरील अनेक अभ्यास एकत्र करून १९९६ साली काढण्यात आलेल्या निष्कर्षानुसार अशा प्रकारचे यश सुमारे ४१ टक्के रुग्णांनाच लाभले होते. पुढे पद्धत सुधारली व रुग्णांची निवड अधिक काटेकोर झाली. स्वीडनमध्ये ६५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रिया झालेल्या गटातील प्रसंगांची सरासरी तासाला ५३ वरून सहा महिन्यांत २१ वर आली. हा लाभ मोठाच होय. तथापि २१ हा आकडा निरोगी माणसाचा नव्हे.

त्यानंतरच्या काळाचे चित्र अधिक सावधगिरीचे आहे. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला दिसलेला गुण काही वर्षांनी काही रुग्णांत ओसरतो, असे दीर्घकालीन पाहण्यांत दिसून आले आहे. वजन वाढते, वयोमानाने स्नायू सैल होतात, किंवा अडथळा टाळूपाशी नसून जिभेच्या मुळाशी असल्याचे मागाहून कळते. गिळताना त्रास होणे, घसा कोरडा पडणे, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे अशा तक्रारीही काहींच्या मागे राहतात.

वरचा व खालचा जबडा पुढे सरकवून संपूर्ण श्वासवाट रुंद करणारी शस्त्रक्रिया अधिक मोठी, पण अधिक परिणामकारक आहे. २०१६ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात तिचे यश सुमारे ८५ टक्के आढळले. मात्र तासाला पाचपेक्षा कमी, म्हणजे पूर्ण बरे होण्याचे प्रमाण सुमारे ३८ टक्केच होते. जिभेच्या मज्जातंतूस झोपेत सूक्ष्म विद्युतप्रेरणा देणारे उपकरण छातीत बसविण्याची पद्धत २०१४ साली अमेरिकेत मान्य झाली. त्या चाचणीतील १२६ रुग्णांच्या प्रसंगांचा मध्यांक वर्षभरात २९ वरून ९ वर आला. पाच वर्षांनी निद्रा-चाचणी झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांत गुण टिकून होता. परंतु अशी चाचणी ७१ जणांचीच होऊ शकली. उरलेल्यांची शेवटची उपलब्ध नोंद हिशेबात धरली, तेव्हा हे प्रमाण ६३ टक्क्यांवर आले. जे तपासणीला परत येत नाहीत त्यांना वगळून काढलेला निष्कर्ष नेहमीच थोडा उजळ दिसतो, हे यावरून ध्यानात येईल.

घोरणे थांबले म्हणजे?

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण या विकारास तंतोतंत लागू पडते. शस्त्रक्रियेनंतर घोरण्याचा आवाज कमी होतो, घरच्यांना झोप लागते आणि रुग्णालयाची वाट विसरली जाते. टाळूचा थरथरणारा भाग काढल्याने आवाज गेला, तरी श्वास अडणे आतल्या आत चालू राहू शकते. पूर्वी धोक्याची सूचना देणारा घोरण्याचा आवाज आता नसतो, एवढाच फरक. म्हणून शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा निद्रा-चाचणी करणे आणि त्यानंतर दरवर्षी वजन, रक्तदाब व दिवसाची झोप यांची विचारपूस होणे आवश्यक असते.

उजनीकाठच्या गावांना हे सहज साधणारे नाही. जलाशय झाल्यावर करमाळा तालुक्यातील कुगावसारख्या गावाला समोरच्या काठावरचे इंदापूर तालुक्यातील कळाशी होडीने जवळ, पण रस्त्याने दूर झाले. सोलापूर किंवा पुण्यास जाऊन येण्यात दिवस मोडतो, मजुरी बुडते. हंगाम चालू असताना ‘आता बरे आहे’ असे वाटणारा चालक तपासणीसाठी रजा काढीत नाही. म्हणूनच या पाठपुराव्याचा काही भाग गावातच व्हावयास हवा.

मुलांच्या बाबतीत

मुलांमध्ये या विकाराचे प्रमुख कारण म्हणजे वाढलेल्या टॉन्सिलच्या गाठी आणि नाकामागील ॲडेनॉइडची गाठ. त्या काढण्याची शस्त्रक्रिया हा त्यांच्यासाठी पहिला उपाय समजला जातो आणि तिचे फळही चांगले आहे. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सात महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के मुलांची निद्रा-चाचणी सामान्य आली. केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांत हे प्रमाण ४६ टक्के होते. वर्तन व जीवनमान सुधारले. एकाग्रतेच्या चाचणीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. दर पाच मुलांमागे एकाचा विकार शस्त्रक्रियेनंतरही उरला, हेही विसरता येत नाही. स्थूल मुलांत तो उरण्याचा संभव अधिक असतो.

वर्गात पेंगणाऱ्या, तोंड उघडे ठेवून श्वास घेणाऱ्या किंवा कारणाशिवाय चिडणाऱ्या मुलावर ‘ढ’ असा शिक्का मारण्यापूर्वी, ते रात्री घोरते का, अंथरूण ओले करते का, एवढे शिक्षकाने पालकांना विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकासमोर त्या मुलास आवर्जून आणावे. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाकडेही वर्षभराने पुन्हा लक्ष द्यावे.

गावाने काय करावे?

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशा सेविकेकडे अशा रुग्णांची साधी नोंद ठेवता येईल. शस्त्रक्रियेची तारीख, चाचणीचा आधीचा व नंतरचा आकडा, वजन आणि रक्तदाब एवढे त्यात पुरेसे आहे. तीन प्रश्न दरवर्षी घरच्यांना विचारावेत : झोपेत श्वास थांबताना दिसतो का? सकाळी डोके जड असते का? काम करताना किंवा वाहन चालविताना डोळा लागतो का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तर रुग्णास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. १९६३ साली स्थापन झालेले सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय ही या भागातील रुग्णांसाठी मोठी सार्वजनिक केंद्रे होत.

हंगामापूर्वी वाहनचालकांची तपासणी होते तेथे दृष्टीबरोबर झोपेचीही चौकशी करता येईल. हवेच्या दाबाचे यंत्र वापरणाऱ्या रुग्णाची रात्रीची वीज खंडित झाल्यास त्याचा उपचारच थांबतो; त्याच्या घरी बॅटरीची सोय आहे का, याकडे पंचायतीने लक्ष पुरवावे. तक्रार सांगणारा चालक कामावरून कमी होईल अशी भीती राहिली, तर मात्र कोणीही खरे उत्तर देणार नाही. चौकशीचा हेतू माणसाला घरी बसविणे हा नसून त्याला उपचारापर्यंत पोहोचविणे हा आहे, याची खात्री त्याला प्रथम पटली पाहिजे.

शस्त्रक्रिया काही तासांत संपते. तिचे फळ मात्र वर्षानुवर्षे तपासून पाहावे लागते. कालव्याला पाणी सोडले म्हणजे काम संपले असे उजनीच्या लाभक्षेत्रातील शेतकरी मानीत नाही. शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोहोचले की नाही, हे तो स्वतः बांधावर जाऊन पाहतो. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीतही गावाने हीच दक्षता घ्यावयास हवी.