पडदा काळा राहतो तेव्हा : नवे ग्राफिक्स कार्ड आणि कारणाचा शोध

तर्कशास्त्राच्या तासाला कारणमीमांसा शिकताना पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते की, हा विषय केवळ परीक्षेपुरता आहे. हा समज दूर व्हावा म्हणून प्रस्तुत लेखात व्यवहारातले एक साधे उदाहरण घेतले आहे. संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, बटण दाबले, पंखे फिरू लागले. पण पडदा काळाच राहिला. दोष कशाचा? ‘कार्डच खराब निघाले,’ असे उत्तर बहुतेक जण तत्काळ देतात. ते खरे असू शकेल, परंतु त्या क्षणी ते सिद्ध झालेले नसते.

पुणे-हैदराबाद महामार्गावरील आपल्या उमरग्यासारख्या गावी या घाईची किंमत अधिक पडते. कार्ड बहुधा सोलापूर, पुणे किंवा हैदराबादहून आणलेले असते, नाही तर घरपोच मागवलेले असते. चुकीचे निदान झाले म्हणजे चांगले कार्ड परत जाते, दोष मात्र घरीच राहतो. लग्नसराईत चित्रफितींचे संकलन करणाऱ्या स्टुडिओचा संगणक आठ दिवस बंद राहिला, तर त्या हंगामाची कमाई बुडते. म्हणून कारण शोधण्याची रीत कला शाखेच्या विद्यार्थ्यानेही समजून घेणे इष्ट आहे.

चित्राचा मार्ग

पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी होय. आज सर्रास वापरात असलेल्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटले जात असेल, तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपक्यांची माहिती पडद्याकडे जाते. ठिपक्यांचे रंग ठरवून ते पाठवणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. कार्डाला वीज लागते; ते मदरबोर्डच्या खाचेत नीट बसावे लागते; केबलमधून संकेत मॉनिटरपर्यंत पोचावा लागतो; आणि कार्डाकडून काम करवून घेणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली योग्य असावी लागते. या मार्गावर कोठेही अडथळा आला तरी पाहणाऱ्याला दिसते एकच : काळा किंवा बिघडलेला पडदा. लक्षण एक आणि कारणे अनेक, ही खरी अडचण आहे.

तर्कशास्त्राची मदत

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती सांगितल्या. त्यांतील व्यतिरेक पद्धती येथे उपयोगी पडते. दोन प्रसंग इतर सर्व बाबतींत सारखे असून एकाच बाबतीत भिन्न असतील, आणि एका प्रसंगी घटना घडत असेल व दुसऱ्या प्रसंगी नसेल, तर त्या भिन्न बाबीचा घटनेशी कार्यकारण संबंध असतो. यातून दुरुस्तीचा पहिला नियम निघतो : एका वेळी एकच बदल करावा. केबल, खाच आणि ड्रायव्हर एकदम बदलल्यावर चित्र आले, तर संगणक सुरू होईल. पण कारण कळणार नाही. दुसरा नियम असा की, जवळची व बिनखर्चाची तपासणी आधी, दूरची व खर्चाची नंतर.

पडदा पूर्ण काळा असेल तर

प्रथम केबल पाहावी. नवे कार्ड बसवल्यावरही केबल मदरबोर्डच्या जुन्या जागीच राहणे ही नेहमी घडणारी गोष्ट आहे. वेगळे कार्ड बसताच अनेक संगणकांत मदरबोर्डवरील चित्राची सोय आपोआप बंद होते, त्यामुळे केबल कार्डालाच जोडली पाहिजे. मग मॉनिटरच्या बटणांनी योग्य जोडणी, एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट, निवडली आहे ना, हे पाहावे.

त्यानंतर विजेकडे वळावे. पीसीआय एक्सप्रेसच्या मोठ्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून स्वतंत्र वायर जोडावी लागते. सहा पिनांच्या वायरीतून ७५ आणि आठ पिनांच्या वायरीतून १५० वॅटपर्यंत वीज मिळते. ती वायर जोडली नसेल तर पंखा फिरूनही चित्र न येणे शक्य आहे. प्रोसेसरची आठ पिनांची वायर दिसायला तशीच असते, पण तिची जोडणी वेगळी असते. ती कार्डात जबरदस्तीने बसवू नये. यूपीएसचाही विचार करावा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅटचा नव्हे; त्याची वॅटमधील क्षमता कमी असते.

मग संगणक बंद करून, मुख्य वायर काढून, बटण एकदा दाबून शिल्लक वीज जाऊ द्यावी आणि कार्ड काढून खाचेत पुन्हा घट्ट बसवावे. या खटपटीत शेजारची रॅमची पट्टी सैल झाली असेल तर तीही नीट बसवावी. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

एवढ्याने भागले नाही तर व्यतिरेकाची कसोटी लावावी. प्रोसेसरमध्ये चित्राची अंगभूत सोय असेल, तर नवे कार्ड काढून तीच केबल मदरबोर्डला जोडावी. चित्र आले तर मॉनिटर व केबल निर्दोष ठरतात. नंतर तेच कार्ड पुरेशी वीज देणाऱ्या दुसऱ्या संगणकात बसवावे. तेथे ते चालले तर कार्ड निर्दोष. संशय आपल्या संगणकाची खाच, वीज किंवा जुने बायोस यांच्यावर येतो. तेथेही तेच लक्षण दिसले, तरच ‘कार्ड खराब’ या विधानाला आधार मिळतो.

चित्र येते, पण बिघडते

येथे बिघाड केव्हा दिसतो हा प्रश्न महत्त्वाचा. संगणक सुरू होताच, विंडोज येण्यापूर्वीच रेघा व रंगीत ठिपके दिसत असतील, तर ड्रायव्हरला दोष देता येत नाही, कारण तो अजून कामाला लागलेलाच नसतो. तेथे कार्ड, केबल किंवा मॉनिटर पाहावा. आधी चित्र स्वच्छ असून विंडोज आल्यावर बिघडत असेल, तर संशय प्रथम ड्रायव्हरवर घ्यावा. सेफ मोडमध्ये संगणक सुरू करून जुना ड्रायव्हर काढावा आणि कार्डाच्या उत्पादकाचा योग्य ड्रायव्हर घालावा. अर्धा तास काम केल्यावर पडदा जात असेल, तर उष्णता किंवा अपुरी वीज यांचा विचार करावा. मराठवाड्याचा उन्हाळा आणि पंख्यात साचणारी धूळ ही दोन्ही कारणे आपल्या परिचयाची आहेत.

अक्षरांचा बिघाड निराळा

एक गैरसमज मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगितला पाहिजे. पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन किंवा निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागली की काही जण कार्डाला दोष देतात. एके काळी देवनागरी आणि कार्ड यांचा संबंध खरोखरच निकटचा होता. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्र १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने पुढे नेले. संगणकाच्या खाचेत जिस्ट कार्ड बसवले की डॉसवरील कामांत भारतीय लिप्या दिसू लागत. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. आज अक्षरे दाखवण्यासाठी वेगळे कार्ड लागत नाही. मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला असून तो फॉन्ट संगणकात नसेल, तर नवे कार्ड घेऊनही अक्षरे सुधारणार नाहीत. चित्रे व इंग्रजी मजकूर स्वच्छ दिसत असेल आणि केवळ मराठी बिघडत असेल, तर कारण फॉन्टमध्ये शोधावे. हाही व्यतिरेकच होय.

शेवटी एक सूचना. इतके करूनही दोष सापडला नाही, तर तंत्रज्ञाकडे जाताना एक कागद सोबत न्यावा. त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात : बिघाड नेमका केव्हा दिसतो, आपण क्रमाने कोणकोणते बदल केले, आणि प्रत्येक बदलानंतर काय दिसले. ‘चालत नाही’ या दोन शब्दांवरून तंत्रज्ञाला प्रारंभापासून शोध घ्यावा लागतो. अशा कागदामुळे त्याचा वेळ व आपला खर्च वाचतो, आणि हमीच्या मुदतीत कार्ड बदलून मागताना आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडता येते.