भिंतीतले भोक

पापडीतले एक जुने घर. भिंती विटांच्या, गिलावा चुन्याचा. माजघर आणि पडवी यांच्यामध्ये एक भिंत. तिच्या तळाला गिलाव्याचा पोपडा पडला. मग उंदराने विटांची सांध पोखरली. लिंबाएवढे भोक पडले. आजींनी त्यात चिंधी कोंबली. म्हणाल्या, "एवढ्याशा भोकाला गवंडी कशाला हवा?"

उंदराने चिंधी ओढून नेली. पावसाळा आला. एका रात्री आजींना जाग आली. नातू खाली अंथरुणावर झोपलेला. त्याच्या उशाशी मण्यार! पडवीतल्या लाकडांतून ती भोकावाटे आत आली होती. आजींनी पोराला झटकन उचलले. मग सर्पमित्राने येऊन साप पकडून नेला.

मण्यार रात्री फिरते. तिचे दात बारीक असतात. झोपेत ती चावली तर पुष्कळदा कळतही नाही. सूज फारशी येत नाही, पण विष भारी जहाल. संशय आला तरी माणसाला लगेच सरकारी दवाखान्यात न्यावे.

सकाळी गवंडी आला. त्याने भोकात हात घातला नाही. आधी बॅटरी मारून पाहिले, काठीने चाचपले. आत काही नव्हते. मग सुटलेला गिलावा छिन्नीने काढला. घट्ट भाग लागेपर्यंत काढला. धूळ झाडली आणि भोक पाण्याने चांगले भिजवले.

"कोरडी वीट मालातले पाणी पिते. मग माल धरत नाही," तो म्हणाला.

"सिमेंट लाव की बाबा, लवकर सुकेल."

"आजी, ही भिंत चुन्याची. सिमेंट पडते कडक. ओल आत कोंडते आणि ठिगळाच्या कडेने गिलावा सुटतो. चुन्याला कमी समजू नका. वसईच्या किल्ल्याचे दगड चुन्यातच बसवलेत. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेला तो तट सुरुंग लावून फोडावा लागला!"

त्याने मुरवलेला चुना एक वाटी आणि वाळू तीन वाट्या घेतली. वाळू समुद्राची नव्हे. तिच्यातल्या मिठाने भिंतीला लोणा लागतो. चुन्याने कातडी भाजते, म्हणून हाताला फडके गुंडाळले. डोळेही जपले.

भोकात विटांचे आणि काचेचे तुकडे मालात दाबून बसवले. काच उंदीर कुरतडत नाही. पडवीकडचे तोंडही तसेच बुजवले. दुसऱ्या दिवशी वरून पातळ गिलावा दिला. आठवडाभर आजी त्यावर पाणी शिंपडत होत्या.

सिमेंटची भिंत असेल तर एक वाटी सिमेंटला चार वाट्या वाळू घ्यावी. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवावा. मातीच्या भिंतीला माती आणि भाताचे तूस.

आजींनी पडवीतली लाकडे भिंतीपासून लांब रचली. नातू आता खाटेवर झोपतो.